पंपातला मिली आणि धरणातला टीएमसी

मिरग निघाला की आमच्या दुकानात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो. मराठी गिऱ्हाईक विचारतं, "वैनी, पंपाला किती टाकायचं?" कानडी गिऱ्हाईक विचारतं, "अक्का, पंपिगे एष्टु हाकबेकु?" आमचं खतं-औषधांचं दुकान निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या काठच्या गावात आहे. ऊस, सोयाबीन, तंबाखू, थोडा भाजीपाला, अशी इथली शेती. प्रश्न साधा वाटतो, पण त्यात चार मापं एकमेकांत गुंतलेली असतात. बाटलीच्या लेबलवर मात्रा हेक्टरी दिलेली असते. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. पाठीवरचा पंप पंधरा, सोळा नाहीतर वीस लीटरचा. आणि घरी मोजायला असतं ते बाटलीचं टोपण. या चौघांची गाठ घालून दिल्याशिवाय मी बाटली पिशवीत घालत नाही, मागं उभ्या असलेल्यांनी कितीही घाई केली तरी.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, त्यामुळे मोजमापाची आवड आधीपासून होती. पण माप चुकलं तर काय होतं ते काउंटरवर बसल्यावर कळलं. औषध कमी पडलं तर कीड मरत नाही आणि पैसे जातात. जास्त झालं तर पीक करपतं, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर येतं ते वेगळंच. म्हणून पातळ पदार्थांच्या मापांबद्दल, मिलीपासून थेट धरणाच्या पाण्यापर्यंत, मला जे पक्कं माहीत आहे ते एका जागी लिहून ठेवते आहे.

पंपापासूनच सुरुवात करू. समजा लेबलवर लिहिलंय, हेक्टरी ५०० मिली औषध, पाणी ५०० लीटर. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. ५०० ला २.४७ ने भागलं की २०२ येतात. म्हणजे एकराला साधारण २०० मिली औषध आणि २०० लीटर पाणी. आमच्याकडे एकराला एक बॅरल हा जो हिशेब चालतो, त्याचं मूळ यातच आहे, कारण बॅरल २०० लीटरचंच असतं. लीटरला एक मिली पडलं, तर पंधरा लीटरच्या पंपाला पंधरा मिली आणि वीसच्या पंपाला वीस. इथपर्यंत कुणालाही जमतं.

खरी अडचण पुढं येते. एकराला २०० लीटर पाणी प्रत्येक जण मारतोच असं नाही. कुणाचा नोझल बारीक, कुणाची चाल झपाझप, कुणाचं सोयाबीन अजून वीतभर. मग माणूस दहा पंपांत एकर उरकतो, म्हणजे १५० लीटरच पाणी गेलं. त्यानं पंपाला पंधरा मिली टाकलं तर एकरात १५० मिलीच औषध पडलं, लेबलच्या पाऊण पट. तणनाशकात तर हे फार नडतं, कारण तिथं रानाच्या क्षेत्रावर औषध किती पडलं हेच महत्त्वाचं. म्हणून मी सगळ्यांना एक काम सांगते. पंपात आधी नुसतं साधं पाणी भरा, नेहमीच्या चालीनं फवारा आणि पंप रिकामा होईतो किती गुंठे झाले ते मोजा. पंधरा लीटरच्या पंपात चार गुंठे झाले, तर चाळीस गुंठ्यांना दहा पंप. एकराची २०० मिली मात्रा दहा पंपांत वाटली की पंपाला वीस मिली. पंप बदलला, नोझल बदलला, फवारणारा माणूस बदलला की हे परत करायचं. अर्धा तास जातो, पण त्यानंतर हंगामभर अंदाजपंचे काही राहत नाही.

आता ड्रोनही यायला लागलेत. ड्रोन एकराला आठ-दहा लीटर पाण्यातच काम उरकतो. एकराची मात्रा तीच, पाणी मात्र वीस पटीनं कमी, म्हणजे द्रावण तेवढंच कडक. ड्रोनला मान्यता असलेलंच औषध त्यात घालायचं, ते एवढ्यासाठीच. आणि पंपाचा "लीटरला एक मिली" हा हिशेब ड्रोनला लावला, तर रानात औषध पडल्यासारखंच नाही.

टोपणाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. टोपण हे माप नाही. एका कंपनीचं टोपण पाच मिलीचं, दुसरीचं दहाचं, तिसरीचं त्याहून मोठं. एकाच औषधाच्या शंभर मिलीच्या बाटलीचं आणि लीटरच्या बाटलीचंही सारखं नसतं. "दोन टोपणं टाकली" असं कुणी सांगितलं तर त्यातून मला काहीच कळत नाही. रेषा मारलेला प्लास्टिकचा मापाचा पेला शेतीच्या औषधांसाठी वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगानं फुली मारा आणि तो घरात आणू नका. पोरांच्या खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं माप फवारणीला वापरायचं नाही, आणि फवारणीचं माप स्वयंपाकघरात जाऊ द्यायचं नाही. कुणी थंड पेयाची रिकामी बाटली घेऊन येतं, "यात अर्धा लीटर ओतून द्या" म्हणतं. मी देत नाही. सुटं विकायला कायद्यानं बंदी आहेच, पण कायदा नसता तरी दिलं नसतं. घरातलं लेकरू ती बाटली तोंडाला लावतं, आणि मग कुठलंही माप कामाला येत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांचा सीसी आणि आमचा मिली यांत फरक किती, असंही पुष्कळ जण विचारतात. काही फरक नाही. एक सीसी म्हणजे सेंटीमीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा ठोकळा, आणि एक मिली म्हणजेही तेवढंच. दहा सेंटीमीटर बाजूचा ठोकळा म्हणजे लीटर. मधल्या काळात यातही बारीकशी फट पडली होती. १९०१ साली लीटरची व्याख्या पाण्याच्या वजनावरून केली गेली, एक किलो पाणी जेवढी जागा घेतं तेवढी जागा. ती ठोकळ्याच्या लीटरपेक्षा दहा लाखात २८ भागांनी जास्त भरत होती. १९६४ मध्ये वजनाचा संबंध तोडून लीटर परत सरळ ठोकळ्यावर आणला. आपल्या देशात दशमान मापं आली ती १९५६ च्या कायद्यानं, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं लागू झाली. माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, आजीच्या तोंडी शेवटपर्यंत शेरच होता. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दूध नवटाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. ते शेर गावागणिक थोडे वेगळे भरत, म्हणून त्यांचं लीटरमध्ये एकच एक उत्तर काढत बसू नये.

लीटर आणि किलो यांची गल्लत हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. लीटरला किलो हे फक्त पाण्याचं. खायच्या तेलाची लीटरची पिशवी वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरते, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. म्हणून डबा घेताना तो पंधरा लीटरचा की पंधरा किलोचा हे वाचून घ्यावं. पंधरा लीटर तेलाचं वजन होतं तेरा किलो साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. पंधरा किलो तेल हवं असेल तर ते साडेसोळा लीटर होतं. दोन डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, भाव मात्र सारखा असून चालणार नाही. त्यात तेल गरम झालं की फुगतं. सोयाबीन तेलाचा एक लीटर २१ अंशाला सुमारे ९१९ ग्रॅम भरतो आणि ६० अंशाला सुमारे ८९३. काही पिशव्यांवर "६० अंश सेल्सिअसला एक लीटर" असं छापलेलं असायचं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं कंपन्यांना तापमान न लिहिता लीटर आणि त्याबरोबर वजन छापायला सांगितलं. घरात तेल वर्षभर कोण ६० अंशाला ठेवणार? बरं झालं सांगितलं ते.

दुधाचं उलटं. दूध पाण्यापेक्षा जड, लीटरला १.०३ किलोच्या आसपास. लॅक्टोमीटरवर २८ दिसलं म्हणजे घनता १.०२८. डेअरीत काट्यावर किलोत मोजून लीटरचा भाव लावत असतील, तर मध्ये १.०३ ने भागलंय का ते उत्पादकानं विचारलंच पाहिजे. वीस लीटर घातलं तर काट्यावर वीस किलो सहाशे ग्रॅम दिसायला हवं. आणि काकवी! गुऱ्हाळावरून लीटरची बाटली भरून आणली की ती वजनाला १.३ ते १.४ किलो भरते. किलोनं विकत घेऊन लीटरनं विकणाऱ्याचं यात मोठं नुकसान होतं. आमच्या गल्लीत बचत गटाच्या बायका काकवी भरतात, त्यांना मी हे आधी सांगितलं.

आता गॅलन. हे माप गेलं असं आपल्याला वाटतं, पण ते गेलेलं नाही. जुन्या पाण्याच्या टाक्यांवर ते आहे, बोअर मारणाऱ्यांच्या बोलण्यात आहे, जुन्या मोटारींच्या पाट्यांवर आहे. आणि गॅलन दोन आहेत. इंग्रजांचा १८२४ च्या कायद्यातला गॅलन म्हणजे दहा पौंड पाणी, ४.५४६ लीटर. अमेरिकेचा गॅलन त्याहून जुना, इंग्लंडातल्या दारूच्या मापावरून आलेला, २३१ घन इंचांचा, म्हणजे ३.७८५ लीटर. आपल्याकडे इंग्रजांचा चालायचा. मोबाईलवर "गॅलन ते लीटर" शोधलं की बहुतेक वेळा आधी अमेरिकेचा दिसतो. दहा हजार गॅलनच्या जुन्या टाकीचा हिशेब त्यानं केला तर ३७,८५४ लीटर येतात, आणि टाकीत बसतात ४५,४६०. साडेसात हजार लीटरचा फरक, एका गल्लीचं सकाळचं पाणी. बाहेरच्या देशांतल्या पाककृती बघून केक करणाऱ्या पोरींनाही हेच सांगते की अमेरिकेचा कप २३७ मिलीचा, बाजारात मिळणारा मेट्रिक कप २५० चा, ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा वीस मिलीचा आणि बाकीच्यांचा पंधराचा.

बोअरचं पाणी आमच्याकडं इंचात सांगतात. "दोन इंच पाणी लागलं" म्हटलं की घरात पेढे येतात. इंच हे लांबीचं माप, त्यातून लीटर कसे काढायचे? बोअरचं पाणी पत्र्याच्या पेटीत सोडतात. पेटीच्या तोंडाला इंग्रजी व्हीसारखी काटकोनी खाच असते, आणि त्या खाचेतून पाणी जितक्या इंच उंचीनं वाहतं तितके इंच पाणी. खाच वर रुंद होत जाते, त्यामुळं एका इंचाला ताशी सुमारे ५०० लीटर असेल, तर दोन इंचाला हजार होत नाहीत. ते २,८०० ते २,९०० होतात. दुप्पट उंचीला साडेपाच पटीहून जास्त पाणी. तीन इंच म्हणजे आठ हजारांच्या घरात. हे ठाऊक नसलं की एक इंचवाला आणि दोन इंचवाला भाऊ आपापल्या पाण्याची वाटणी करताना भांडतात, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

विहिरीचं गणित त्यापेक्षा सोपं. एक घनफूट म्हणजे २८.३ लीटर. वीस फूट व्यासाच्या गोल विहिरीत दर फुटाला ३१४ घनफूट, म्हणजे सुमारे ८,९०० लीटर. आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विहिरीच्या कठड्यापासून आत फुटाफुटाला रंगाच्या खुणा मारून घेतल्यात. मोटर बंद करून संध्याकाळी पाणी किती आणि सकाळी किती ते बघायचं, झऱ्याला रात्रीत किती पाणी आलं ते कळतं. मामा चौथीपर्यंत शिकलेले, पण पूर्वी ते घनफुटाला सव्वासहा गॅलन धरून तोंडी हिशेब करायचे. तो सव्वासहा आकडा इंग्रजी गॅलनचा आहे, आणि तो अगदी जवळचा आहे.

पावसाचं गणित मला सगळ्यांत आवडतं. एक मिलीमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लीटर. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे एक मिलीमीटर पाऊस, एका गुंठ्यावर शंभर लीटर! इतकं सरळ गणित दुसरं नाही. पंचवीस मिलीमीटरचा पाऊस झाला की एकरावर लाखभर लीटर पाणी पडलं. आदल्या दिवशी एवढा पाऊस झालेला असताना कुणी उसाला मोटर चालू करताना दिसला, तर मी गाडी थांबवून सांगते.

इथून पुढं पाणी नदीचं. सीमाभागातल्या आमच्यासारख्यांना पावसाळ्यात दोन राज्यांच्या बातम्या कानावर येतात, आणि दोन्हींची मापं वेगळी असतात. कर्नाटकातल्या बातम्या टीएमसीत. महाराष्ट्राच्या पाटबंधाऱ्याच्या पत्रकात दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. नदीत सोडलेलं पाणी दोन्हीकडं क्युसेकमध्ये, मध्येच कुणीतरी क्युमेक, म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणतं. पाण्याची पातळी सांगताना कोल्हापूरचा राजाराम बंधारा आणि सांगलीचा आयर्विन पूल फुटांत, आलमट्टी धरण मीटरमध्ये. आमच्या दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाची क्षमता कुठं २५.४० टीएमसी लिहिलेली असते, कुठं ७१९ दलघमी. वाचणाऱ्याला वाटतं आकडे जुळत नाहीत. जुळतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २८.३ दलघमी, आणि २५.४० ला २८.३ ने गुणलं की ७१९ च येतात. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं ५१ टीएमसी म्हणजे १,४४४ दलघमी.

क्युसेक आणि टीएमसी यांची सरमिसळ मात्र जिवावर बेतते. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लीटर. आमच्या भाषेत सेकंदाला जवळजवळ दोन फवारणी पंप. तो वेग आहे. टीएमसी म्हणजे साठा. वेगाचा साठा करायचा तर किती वेळ वाहिलं हे सांगावंच लागतं, त्याशिवाय जगातलं कुठलंही कोष्टक ते करून देत नाही. एक आकडा मी सगळ्यांना पाठ करायला लावते: ११,५७४. इतके क्युसेक चोवीस तास वाहिले की एक टीएमसी. लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर ८.६४ टीएमसी. दोन लाख क्युसेकनं कृष्णा वाहत असेल तर दिवसाला १७ टीएमसीहून जास्त. कोयना धरण भरल्यावर १०५.२५ टीएमसी, आलमट्टी ५१९.६० मीटरपर्यंत भरल्यावर १२३ टीएमसी. आता अंदाज येतो. दोन लाख क्युसेकनं एक अख्खं कोयना सहा दिवसांत आपल्या दारावरून जातं.

पुराच्या दिवसांत मोबाईलवर मेसेज फिरतो, "कोयनेतून पन्नास हजार टीएमसी सोडले". असा आकडा होऊच शकत नाही, ज्या धरणात १०५ च मावतं त्यातून पन्नास हजार कुठून सुटणार. लिहिणाऱ्याला क्युसेक म्हणायचं असतं. पण रात्री अकराला हा मेसेज वाचून म्हातारी माणसं घाबरतात, गोठ्यातली जनावरं सोडायची का, ट्रॅक्टर काढायचा का, म्हणून दारं वाजायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैत आम्ही पूर बघितलाय. मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, कल्लोळ-यडूर हे बंधारे-पूल तर बहुतेक पावसाळ्यांत पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या गावाला जायचं तर मोठा वळसा पडतो. अशा ठिकाणी चुकीचं माप लिहिणं म्हणजे लोकांची झोप उडवणं, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी खऱ्या सूचनेवर कुणी विश्वास न ठेवणं.

क्युसेकचं शेतीशी एक सुंदर नातं आहे. एक क्युसेक पाणी तासभर वाहिलं की ते एका एकरावर एक इंच पाऊस पडल्याइतकं होतं, लाखभर लीटर. आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २३ हजार एकरांवर फूटभर पाणी. लीटरमध्ये सांगायचं तर २,८३२ कोटी लीटर, पण असल्या आकड्यानं शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. फूटभर पाण्याचं रान लगेच येतं. माझ्या माहेराकडं, कणकुंबीला, मलप्रभा उगम पावते. तिथल्या, म्हादई नदीला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्याचा वाद वर्षानुवर्षं चाललाय. म्हादई लवादानं १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात या वळवण्यासाठी कर्नाटकाला ३.९ टीएमसी दिलं, कळशाचं १.७२ आणि भांडुऱ्याचं २.१८. वाद काय आहे त्यात मी इथं शिरत नाही. पण ३.९ म्हणजे किती, हे माहेरच्या लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, साडेएकोणनव्वद हजार एकरांवर फूटभर. त्यानंतर बाजूनं आणि विरुद्ध बोलणारे दोघेही निदान एकाच पाण्याबद्दल बोलायला लागले.

पातळीच्या फुटांचं मात्र सरळ रूपांतर होत नाही. बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोपची बातमी फुटांत येते, २,४७५ फुटांना जलाशय पूर्ण भरतो. लोक विचारतात, दोन फूट पाणी वाढलं म्हणजे किती लीटर? विहीर वरून खालपर्यंत सारख्या रुंदीची, म्हणून तिथं दर फुटाला तेवढेच लीटर. जलाशय तसा नसतो. तो तळाला अरुंद आणि वर पसरत जातो, त्यामुळं तळाजवळच्या एका फुटात थोडं पाणी आणि वरच्या फुटात कितीतरी जास्त. त्यासाठी प्रत्येक जलाशयाचं वेगळं कोष्टक असतं आणि ते अभियंत्यांकडं असतं. नदीचंही तसंच. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, आयर्विन पुलाला ४० आणि ४५. एका ठिकाणचे फूट दुसऱ्या ठिकाणच्या फुटांशी ताडायचे नाहीत. कोल्हापुरात पंचगंगा दोन फूट उतरली म्हणून आमच्याकडं दूधगंगा उतरली असं होत नाही.

यंदा आमच्या गावच्या ग्रुपवर मी सगळ्यांशी बोलून एक नियम करून घेतलाय. पाण्याचा आकडा टाकायचा तर त्याबरोबर ठिकाण, एकक आणि वेळ हे तिन्ही हवंच: राजापूर बंधारा, इतके क्युसेक, सकाळी आठ. यातलं एखादं नसेल तर मेसेज पुढं पाठवायचा नाही. दलघमीत आलेला आकडा २८.३ ने भागून टीएमसीत लिहायचं काम माझ्या पुतण्यानं घेतलंय, आणि तोच मेसेज कानडीत टाकायचं काम शेजारच्या गल्लीतल्या शाळेच्या बाईंनी.